जितकी वाट, तितका टोल? वाचकांचे प्रश्न

सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्र सरकारने टोलच्या नियमांत उपग्रह पद्धतीची तरतूद केली आणि गाडी जितके किलोमीटर धावेल तितकेच पैसे कापले जातील, ही चर्चा सुरू झाली. एप्रिल २०२५ मध्ये तर ‘एक मेपासून देशभर उपग्रह टोल’ अशी बातमी पसरली आणि असा कोणताही निर्णय झालेला नाही, असा खुलासा मंत्रालयाला करावा लागला. जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांतून याविषयी आलेल्या प्रश्नांपैकी काही येथे घेतले आहेत. एकसारखे प्रश्न एकत्र केले आहेत.

आजही टोल किलोमीटरवरच ठरतो, असे नाक्यावर सांगतात. मग वेगळे काय होणार? (नोकरदार, भुसावळ)

सांगतात ते खरे आहे, पण अर्धेच. राष्ट्रीय महामार्गांचा टोल २००८ च्या शुल्क नियमांनुसार ठरतो आणि त्यात दर प्रति किलोमीटरच आहेत. २००७-०८ साठीचे मूळ दर असे: मोटार व जीप ६५ पैसे, हलके मालवाहू वाहन व मिनीबस १ रुपया ५ पैसे, बस आणि दोन एक्सलचा (एक्सल म्हणजे चाकांना जोडणारा आडवा दांडा) ट्रक २ रुपये २० पैसे, तीन एक्सलचे व्यावसायिक वाहन २ रुपये ४० पैसे, चार ते सहा एक्सल ३ रुपये ४५ पैसे आणि सात किंवा अधिक एक्सल ४ रुपये २० पैसे. या मूळ दरावर दरवर्षी १ एप्रिलला ३ टक्के वाढ होते, तीही चक्रवाढ नव्हे. त्यावर घाऊक किंमत निर्देशांकातील वाढीचा ४० टक्के हिस्सा चढतो. आलेली रक्कम जवळच्या पाच रुपयांत बसवली जाते. दुपदरी रस्त्याला चौपदरीच्या ६० टक्के दर लागतो.

गोम आहे ती गुणाकारात. दर किलोमीटरचा असला तरी तो गुणला जातो त्या नाक्याच्या वाट्याला आलेल्या सगळ्या लांबीने, तुम्ही कापलेल्या अंतराने नाही. राष्ट्रीय महामार्ग ५३ चा तरसोद ते चिखली हा तुकडा सुमारे ६३ किलोमीटरचा आहे. त्यावरचा नाका नशिराबादला. हिशोबाच्या सोयीसाठी मोटारीचा दर दीड रुपया धरा: ६३ × १.५ = ९४.५०, म्हणजे ९५ रुपये. जळगावहून भुसावळला जाणारा माणूस या तुकड्याचे २० किलोमीटरच्या आसपास वापरतो, पण पैसे ६३ चे देतो. भुसावळहून मुक्ताईनगरला जाणारा सुमारे ३० किलोमीटर जातो आणि त्याला नाका लागतच नाही, म्हणून तो काहीच देत नाही. अंतराचा हिशोब आला तर पहिल्याचे ९५ चे ३० होतील आणि दुसऱ्याचे शून्याचे ४५. टोल कमी होणार, एवढेच सांगणारे लोक हा दुसरा माणूस विसरतात. तुम्ही भुसावळचे आहात. तुमची नेहमीची वाट पूर्वेची की पश्चिमेची, यावर तुमचा फायदा ठरेल.

अंतराचा टोल म्हणजे काही परदेशी नवलाई नाही. समृद्धी महामार्गावर तो पहिल्या दिवसापासून आहे: चढताना नोंद, उतरताना नोंद, मधल्या किलोमीटरचे पैसे. डिसेंबर २०२२ मध्ये नागपूर ते शिर्डी हा ५२० किलोमीटरचा भाग खुला झाला तेव्हा मोटारीला १ रुपया ७३ पैसे दर होता, एप्रिल २०२५ पासून तो २ रुपये ६ पैसे झाला. तिथे हे जमते, कारण चढण्या-उतरण्याच्या जागा मोजक्या आहेत आणि बाकी रस्त्याला कुंपण आहे. आपल्या ५३ नंबरला दर दोन-चार किलोमीटरवर गावफाटा आहे. प्रत्येक फाट्यावर नाका बांधता येत नाही, म्हणून उपग्रहाचा विचार पुढे आला.

एक बारीक गोष्ट लक्षात ठेवा. टोलची लांबी आणि गाडीच्या मीटरवरची लांबी जुळेलच असे नाही. पूल, बोगदा, उड्डाणपूल यांची लांबी टोलसाठी दहापट धरली जात असे. जुलै २०२५ मध्ये हे सौम्य केले: पुलाची लांबी दहापट धरून उरलेल्या रस्त्यात मिळवा, किंवा संपूर्ण तुकड्याची लांबी पाचपट करा, यांतले जे कमी ते घ्या. ४० किलोमीटरचा तुकडा संपूर्ण उड्डाणपुलावर असेल तर आधी ४०० किलोमीटरचा टोल बसला असता, आता २०० चा. ‘मी इतकेच किलोमीटर गेलो’ असे म्हणण्याआधी फलकावरची टोलयोग्य लांबी पाहावी.

पहिले २० किलोमीटर मोफत, हे सर्वांना लागू आहे का? (दूध व्यावसायिक, पारोळा)

आजच्या नाक्यांवर नाही. ही सवलत २०२४ च्या दुरुस्तीत आहे आणि ती उपग्रह पद्धतीने टोल भरणाऱ्या वाहनांपुरती आहे. त्याच तुकड्यावर, एका दिवसात, प्रत्येक दिशेला २० किलोमीटरपर्यंत शुल्क शून्य. नॅशनल परमिटच्या (देशभर मालवाहतुकीचा परवाना असलेल्या) वाहनांना ती मिळणार नाही.

नियमाची पुढची ओळ वाचली पाहिजे. अंतर २० च्या पुढे गेले तर ‘प्रत्यक्ष कापलेल्या अंतराचे’ शुल्क लागेल, असे तिथे म्हटले आहे. सरळ अर्थ घेतला तर १९ किलोमीटरला शून्य आणि २१ किलोमीटरला पुऱ्या २१ चे पैसे. दीड रुपयाने दोन किलोमीटरच्या फरकाला साडेएकतीस रुपये. असे झाले तर लोक विसाव्या किलोमीटरच्या अलीकडच्या फाट्यावर उतरून गावातून गाड्या काढतील आणि त्याचा त्रास त्या गावांच्या रस्त्यांना होईल. पहिले २० किलोमीटर सर्वांना वजा करून पुढचे मोजणे, हा आमच्या मते एकच नीट मार्ग आहे. मग २१ व्या किलोमीटरला दीड रुपयाच लागेल.

उपग्रह टोल घेतो म्हणजे नेमके कोण काय मोजते? घाटात आणि समांतर रस्त्यावर चूक होणार नाही का? (मोटार मेकॅनिक, जळगाव)

उपग्रहाला तुमची गाडी दिसत नाही. तो फक्त वेळेचा संकेत सोडत राहतो. गाडीत बसवलेले यंत्र (ऑन-बोर्ड युनिट) किमान चार उपग्रहांचे संकेत घेऊन स्वतःची जागा काढते. त्यात अँटेना, संकेत घेणारी चिप, मोबाइलचे सिम, साठवण आणि हालचाल ओळखणारा सेन्सर असतो. बहुतेकांत छोटी राखीव बॅटरीही असते. ठरावीक सेकंदांनी जागेची नोंद होते, ती नोंद महामार्गाच्या नकाशावर बसवली जाते, गाडी टोलच्या तुकड्यावर असल्याचे पक्के झाले की त्या तुकड्याचे पैसे मोबाइल नेटवर्कवरून खात्यात लागतात. कोंडाईबारीसारख्या घाटात रेंज नसेल तर यंत्र नोंदी साठवते आणि रेंज आली की पाठवते. त्यामुळे पैसे कापल्याचा मेसेज उशिरा आला, तर तेवढ्यावरून यंत्र बिघडले असे समजू नये.

चुका कुठे होतात हे तुम्ही बरोबर हेरले आहे. मोकळ्या आकाशाखाली साध्या यंत्राची चूक तीन ते दहा मीटरपर्यंत असते. जळगाव शहरात महामार्ग आणि समांतर रस्ता यांच्यातले अंतर काही ठिकाणी त्याहून फारसे जास्त नाही. म्हणजे समांतर रस्त्याने कॉलनीतून कॉलनीत जाणाऱ्याची नोंद महामार्गावर पडू शकते. यावर उपाय नकाशा आखतानाच करावा लागतो. आभासी नाका (फक्त नकाशावर आखलेली टोलची रेषा) अशा जागी ठेवायचा, जिथे जवळपास दुसरा रस्ता नाही. आणि एका बिंदूवर भरवसा न ठेवता ओळीने दोन-तीन बिंदू त्याच दिशेने ओलांडले तरच तुकडा मोजायचा. शहरातला भाग टोलमधून वगळणे सर्वांत सोपे, आणि जळगाव-धुळ्यासारख्या शहरांसाठी आम्ही तेच सुचवू.

कन्नडच्या औट्रम घाटात अडचण वेगळी. एका बाजूला कडा असतो, निम्मे आकाश झाकलेले असते आणि संकेत खडकावर आपटून उशिरा पोचतो. यंत्राला वाटते उपग्रह लांब आहे, आणि नकाशावरची जागा वीस-तीस मीटरने उडी मारते. बोगद्यात तर संकेतच नसतो. तिथे हालचालीचा सेन्सर वेग आणि दिशा धरून अंदाज चालवतो. घाटात वाटेत वळायला दुसरा रस्ता नसतो, त्यामुळे पायथ्याशी आणि माथ्यावर अशा दोन नोंदी पुरतात, मधल्या उड्यांकडे दुर्लक्ष करता येते.

तुमच्या गॅरेजच्या कामाचे थोडे. यंत्र डॅशबोर्डखाली वायरिंगच्या जुडग्यात दाबून बसवू नका, त्याच्या अँटेनाला वर आकाश लागते. धातूचा थर असलेल्या काचेतून संकेत मंदावतो. फास्टॅग न वाचला जाण्याचे तेही एक कारण असते. स्वस्तातला चार्जर किंवा डॅशकॅम अगदी शेजारी लावला तर त्याच्या विद्युत गोंगाटात उपग्रहाचा क्षीण संकेत बुडतो. एक हात अंतर ठेवले तर फरक पडतो. बॅटरीचा टर्मिनल काढला की ‘वीज तोडली’ अशी नोंद जाते, म्हणून काम सुरू केल्याची तारीख, वेळ आणि मीटरचे वाचन जॉबकार्डवर लिहून गाडीमालकाला द्या. पुढे वाद झाला तर तोच कागद कामाला येतो. संकेत दाबणारे जॅमर बाजारात कोणी देऊ केले तर हात लावू नका. विनापरवाना वापर बेकायदा आहे.

गाडी नुसती उभी राहिनी तरी पैसा लागतीन का? (रिक्षा-टेम्पो चालक, शिरपूर)

लागू नयेत, पण हिशोबाची पद्धत चुकीची निवडली तर लागू शकतात. उभ्या गाडीची उपग्रहाने काढलेली जागा स्थिर राहत नाही, ती दोन-चार मीटर इकडेतिकडे हलत राहते. या सगळ्या बारीक हालचालींची बेरीज केली तर ढाब्यावर रात्रभर उभ्या गाडीचेही अंतर वाढलेले दिसते. म्हणून चांगल्या व्यवस्थेत बिंदूंची बेरीज करतच नाहीत. गाडीने तुकड्याची सुरुवात आणि शेवट ओलांडला एवढेच तपासतात आणि अंतर मात्र रस्त्याच्या मोजणीतून आधीच ठरवलेले घेतात. त्या तुकड्याची लांबी सगळ्यांना तीच लागते. नियम आखणाऱ्यांकडे वाहनधारकांनी मागायची पहिली गोष्ट हीच: प्रत्येक तुकड्याला नंबर, त्याची लांबी, त्याचा दर, आणि बिलावर हे तिन्ही छापलेले. ज्या बिलाची बेरीज गाडीवाला स्वतः करू शकत नाही, त्यावर कोणी विश्वास ठेवणार नाही आणि ठेवूही नये.

रावेर-सावद्याहून केळी भरून उत्तरेत जातो, येताना बऱ्याचदा गाडी रिकामी. किलोमीटरवर टोल लागला तर रिकाम्या गाडीचेही तेवढेच? (ट्रान्सपोर्ट व्यावसायिक, सावदा)

आजच्या नियमांत हो. दर गाडीच्या वर्गावर आणि एक्सलवर आहे, भरलेल्या वजनावर नाही. जिथे ही पद्धत मुरली आहे तिथेही बहुधा असेच आहे. स्वित्झर्लंडमध्ये २००१ पासून साडेतीन टनांवरील मालवाहू गाड्यांना सर्व रस्त्यांवर किलोमीटरनुसार शुल्क आहे. तिथे गाडीचे कमाल परवानगी असलेले वजन धरतात, त्या दिवशीचे नाही. जर्मनीत १ जानेवारी २००५ पासून उपग्रहावर आधारित ट्रक-टोल सुरू आहे. तो आधी १२ टनांवरील गाड्यांना होता, २०१५ मध्ये साडेसात टनांपर्यंत उतरला, २०१८ मध्ये सर्व केंद्रीय रस्त्यांवर आला आणि जुलै २०२४ पासून साडेतीन टनांवरील गाड्यांना लागला. तिथे वजन व एक्सलचे वर्ग आहेत, धूर किती सोडते यावर दर बदलतो, डिसेंबर २०२३ पासून कार्बनचा भारही त्यात आहे. पण रिकामी फेरी म्हणून वेगळा दर नाही. प्रत्येक फेरीचे खरे वजन मोजायचे तर जागोजागी वजनकाटे लागतील, आणि त्यांचा खर्च पुन्हा वाहतूकदाराच्याच माथी येईल.

तरीही वजनाचा प्रश्न टाळता येणार नाही. १९५८ ते १९६० या काळात अमेरिकेत इलिनॉयमध्ये मुद्दाम रस्ते बांधून त्यांवर ट्रक चालवून पाहिले गेले. त्यातून निघालेला नियम आजही रस्ता आखताना वापरतात: रस्त्याचे नुकसान एक्सलवरील भाराच्या साधारण चौथ्या घाताने वाढते, म्हणजे भार दुप्पट तर नुकसान सोळापट. आपल्याकडे प्रमाण एक्सल ८.१६ टनांचा धरतात. चार चाकांच्या एकेरी एक्सलला पूर्वी १०.२ टनांची मर्यादा होती, म्हणजे प्रमाण एक्सलच्या सव्वापट; नुकसान मात्र २.४४ पट. २०१८ मध्ये मर्यादा ११.५ टन झाली आणि नुकसान जवळजवळ ४ पट. त्याच एक्सलवर ओव्हरलोड करून १४ टन चढवले तर ८.७ पट. ११.५ वरून १४ वर जाताना भार २२ टक्के वाढतो, रस्त्याची झीज दुपटीहून जास्त. महाराष्ट्राच्या हद्दीत भरलेली ओव्हरलोड गाडी मध्य प्रदेशाच्या सीमेवरील पळासनेरपर्यंत पोचते तोवर तिने केलेले नुकसान तिच्या टोलमधून निघत नाही, ते मर्यादेत भरणाऱ्या तुमच्यासारख्याच्या टोलमधून निघते.

म्हणून वाहतूकदार संघटनांनी रिकाम्या फेरीची सूट मागण्यापेक्षा एक्सलच्या संख्येला सूट मागावी, असे आमचे मत आहे. तेच वजन जास्त एक्सलवर वाटले की रस्ता वाचतो. आजची दरसूची याच्या उलट दिशेने जाते: दोन एक्सलला २.२०, चार एक्सलला ३.४५. एक्सल वाढवणाऱ्याला जास्त पैसे पडतात. दर ‘एका एक्सलवर किती टन’ यावर ठेवला तर चांगली गाडी घेणाऱ्याचे भले होईल. अमेरिकेतील ओरेगन राज्यात जड ट्रकचा कर याच धर्तीवर आहे: वजन वाढते तसा मैलाचा दर वाढतो आणि सर्वांत जड गाड्यांत त्याच वजनाला जास्त एक्सल असतील तर दर उतरतो.

नॅशनल परमिट असल्याने २० किलोमीटरची सवलत तुम्हाला मिळणार नाही, हे भाडे ठरवताना धरा. केळीच्या धंद्याला खरा फायदा होईल तो रांग संपल्याने. तो पैशांत मोजणे कठीण, पण पिकत चाललेला माल घेऊन नाक्यावर उभे राहिलेल्याला तो सांगावा लागत नाही.

इलेक्ट्रिक गाडी घेतली. पेट्रोल जाळत नाही, मग रस्त्याचे पैसे का द्यायचे? (शिक्षिका, धुळे)

कारण रस्ता इंधनाने झिजत नाही, वापराने झिजतो. आजवर सोय म्हणून पेट्रोल-डिझेलवरील उपकरातून रस्त्यांसाठी पैसा उभा राहिला: जास्त धावणारी गाडी जास्त इंधन पिते, तेव्हा इंधन हेच अंतराचे माप होते. इंधनावर जगात लवकर कर बसवणाऱ्यांपैकी ओरेगन एक, १९१९ मध्ये. गाड्या कमी इंधनात धावू लागल्यावर त्याच राज्याने २०१५ मध्ये मैलावर शुल्क घेण्याची ऐच्छिक योजना काढली, सुरुवातीला मैलाला दीड सेंट. न्यूझीलंडमध्ये डिझेल गाड्यांना १९७८ पासून किलोमीटरचे शुल्क आहे आणि १ एप्रिल २०२४ पासून हलक्या इलेक्ट्रिक गाड्यांनाही दर हजार किलोमीटरला ७६ न्यूझीलंड डॉलर लागतात. तिथे हजार किलोमीटरचे परवाने आगाऊ विकत घेतात, गाडीच्या नियमित तपासणीत मीटर पाहतात. उपग्रह नाही, यंत्र नाही.

महाराष्ट्रात सध्या उलट वारा आहे. २०२५ च्या राज्य धोरणाने इलेक्ट्रिक मोटारींना समृद्धी, मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग आणि अटल सेतूवर टोलमाफी दिली. गाड्या थोड्या आहेत तोवर हे योग्य आहे. मात्र उद्या पेट्रोलच्या गाड्यांनाही किलोमीटरचे शुल्क लागले आणि इंधनावरचा रस्ते उपकरही राहिला, तर एकाच किलोमीटरचे दोनदा पैसे जातील. ओरेगनमध्ये भरलेला इंधनकर मैलाच्या बिलातून वजा होतो. आपल्याकडे नवी पद्धत आणायची तर ही वजावट पहिल्या दिवसापासून हवी. नंतर देऊ म्हटलेली वजावट मागे पडते.

अधिकाराचा प्रश्नही असतो. ऑस्ट्रेलियात व्हिक्टोरिया राज्याने २०२१ मध्ये इलेक्ट्रिक गाड्यांना किलोमीटरला अडीच सेंट लावले. ऑक्टोबर २०२३ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने हा कर राज्याच्या अधिकारात नाही म्हणून रद्द केला.

रोज जळगावहून भुसावळला मोटारीने जातो. वर्षाचा फास्टॅग पास घ्यावा का? (बँक कर्मचारी, जळगाव)

आधी स्थानिक पासची चौकशी करा. वार्षिक पास १५ ऑगस्ट २०२५ ला सुरू झाला तेव्हा ३,००० रुपयांत २०० फेऱ्या किंवा एक वर्ष, यांतले जे आधी संपेल ते, असा होता. नशिराबादसारख्या नाक्यावर जाणे एक फेरी आणि येणे दुसरी. रोज दोन, म्हणजे १०० दिवसांत पास संपला. वर्षाला ३०० दिवस धरले तर तीन पास, ९,००० रुपये. नाक्यापासून २० किलोमीटरच्या आत राहणाऱ्यांच्या खासगी मोटारीला स्थानिक मासिक पास मिळतो. २०२५-२६ मध्ये तो ३५० रुपये होता, वर्षाचे ४,२००. त्यासाठी आरसी, आधार किंवा पत्त्याचा दुसरा पुरावा आणि चालू फास्टॅग घेऊन नाक्यावरच्या कार्यालयात जावे लागते. आरसीवरचा पत्ता जुन्या गावाचा असेल तर अर्ज तिथेच अडतो, म्हणून आधी परिवहन कार्यालयात पत्ता बदलून घ्या. हा पास त्या एका नाक्यापुरताच.

वर्षात सात-आठ वेळा नाशिक, इंदूर, सुरतकडे जाणाऱ्याला वार्षिक पास फायद्याचा: सगळ्या २०० फेऱ्या वापरल्या तर त्या दराने एका फेरीला १५ रुपये पडतात. तो फक्त खासगी मोटार, जीप, व्हॅनला, आणि फक्त राष्ट्रीय महामार्गांवर व केंद्राच्या द्रुतगती मार्गांवर चालतो. समृद्धीवर नेहमीप्रमाणे पैसे कापले जातात. टॅग काचेवर चिकटवलेला हवा आणि त्यावर गाडीचा नंबर नोंदलेला हवा. फक्त चेसिस नंबरवर दिलेल्या टॅगला पास मिळत नाही. पास राजमार्गयात्रा अ‍ॅपवरून घ्यावा.

हा पास अंतराच्या तत्त्वाच्या बरोबर उलट आहे, हेही नोंदवायला हवे. नाका ६३ किलोमीटरच्या तुकड्याचा असो की त्याहून लहान-मोठ्या तुकड्याचा, प्रत्येकाची एकेक फेरी.

लळिंग आणि सोनगीर, धुळ्याच्या दोन्ही बाजूंना इतक्या जवळ नाके कसे? ६० किलोमीटरचा नियम नाही का? (प्रवासी, अमळनेर)

नियम आहे, पण तो एकाच तुकड्यावरील एकाच दिशेच्या नाक्यांना लागू आहे. लळिंग पिंपळगाव-धुळे प्रकल्पाचा, सोनगीर धुळे-पळासनेर प्रकल्पाचा. शिवाय कारण लेखी नोंदवून कमी अंतराला परवानगी देता येते. प्रत्यक्ष अंतराच्या पद्धतीत हा वाद आपोआप मिटतो.

सुरतेला जाताना बिना-अडथळ्याचा टोल लागणार म्हणतात. तो उपग्रहाचा का? (कापड व्यापारी, नवापूर)

नाही. सुरत-भरूच मार्गावरच्या चोर्यासी नाक्यासाठी २०२५ च्या ऑगस्टमध्ये करार झाला तो मल्टी-लेन फ्री-फ्लो पद्धतीचा. रस्त्यावर कमान, तिच्यावर फास्टॅग वाचणारे यंत्र आणि नंबरप्लेट वाचणारे कॅमेरे. गाडी न थांबता जाते. पैसे मात्र नाक्याचेच, किलोमीटरचे नाहीत. टॅग वाचला गेला नाही तर नंबरप्लेटवरून मालक शोधून नोटीस जाते. पावसाळ्यात काळ्या मातीचा चिखल प्लेटवर वाळून बसतो, तो पुसून निघा. प्लेटवर पारदर्शक कव्हर असेल तर काढून टाका, प्रकाश परावर्तित होऊन आकडा चुकीचा वाचला जातो आणि नोटीस भलत्याच माणसाला जाते.

आमच्या येण्याजाण्याची नोंद सरकारकडे राहणार का? (वकील, चाळीसगाव)

उपग्रह पद्धतीत जागेची नोंद तयार होतेच. खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २४ ऑगस्ट २०१७ ला सांगितले आणि २०२३ मध्ये व्यक्तिगत विदा (डेटा) संरक्षणाचा कायदाही झाला. मागणी नेमकी करावी: बिंदूंची नोंद यंत्रातच राहावी, बाहेर फक्त तुकड्याचा नंबर आणि वेळ जावी, आणि वादाची मुदत संपली की तीही पुसावी. ओरेगनमध्ये उपग्रहाविना फक्त मैल मोजणारा पर्यायही वाहनधारकाला मिळतो.

खेड्यातला माणूस बहुतेक जिल्हा परिषदेच्या रस्त्यावर फिरतो. या पैशातून तो रस्ता होईल का? (शेतकरी, शहादा तालुका)

आजच्या रचनेत नाही. राष्ट्रीय महामार्गाचा टोल केंद्राकडे किंवा त्या रस्त्याच्या ठेकेदार कंपनीकडे जातो. उद्या सगळ्याच रस्त्यांवर किलोमीटर मोजले गेले तर कोणाच्या रस्त्यावर किती, हेही कळेल आणि पैसा त्या प्रमाणात वाटता येईल. स्वित्झर्लंडमध्ये ट्रकच्या शुल्कातील एक तृतीयांश वाटा तिथल्या प्रांतांना जातो. उसाच्या आणि केळीच्या गाड्या महामार्गावर चढण्याआधी जिल्हा परिषदेचाच रस्ता तुडवतात. तेव्हा वाटा मागायचा तो नियम होण्याआधी मागावा.

ट्रॅक्टर, दुचाकी, बैलगाडी यांना राष्ट्रीय महामार्गावर टोल नाही. याविषयी पाच-सहा पत्रे आली म्हणून येथेच सांगतो.

गाडी अंगणात उभी आणि टोल कापल्याचा मेसेज आला. काय करावे? (गृहिणी, एरंडोल)

अशा प्रकारात बहुधा तीनपैकी एक कारण असते. विकलेल्या गाडीच्या काचेवर तुमच्या खात्याचा टॅग राहिलेला असतो. नाक्यावर टॅग वाचला गेला नाही म्हणून कर्मचाऱ्याने हाताने नंबर टाकताना चूक केलेली असते. किंवा कोणीतरी तुमचा नंबर खोट्या प्लेटवर वापरत असते.

मेसेज पुसू नका. त्यातला नाका, वेळ आणि व्यवहार क्रमांक लिहून घ्या. त्याच दिवशी टॅग देणाऱ्या बँकेकडे तक्रार नोंदवून तिचा क्रमांक घ्या आणि नाक्यावरील गाडीचा फोटो मागा. १०३३ या महामार्ग हेल्पलाइनलाही कळवा. फोटोत दुसरी गाडी दिसली तर पैसे परत मिळायला अडचण येत नाही. प्लेट तुमची आणि गाडी दुसरी दिसली तर मात्र पोलिसांत लेखी तक्रार द्या, कारण पुढचे चलनही तुमच्याच नावाने येईल. गाडी विकली त्या दिवशीच टॅग काचेवरून खरवडून काढा आणि खाते बंद करा.

आणखी एक हक्क फार थोड्यांना माहीत आहे. टॅग चालू आहे, शिल्लक आहे, तरी नाक्यावरचे यंत्र बिघडल्यामुळे पैसे कापता येत नसतील, तर २०१८ च्या नियमानुसार गाडी पैसे न घेता सोडायची असते आणि शून्य रुपयांची पावती द्यायची असते. तिथे रोख मागितली तर पावतीचा आग्रह धरा आणि यंत्राच्या पडद्याचा फोटो घ्या. टॅगमध्ये शिल्लकच नसेल किंवा तो काळ्या यादीत असेल तर हा नियम लागू होत नाही: नोव्हेंबर २०२५ मध्ये आलेल्या नियमात अशा वेळी यूपीआयने सव्वापट आणि रोखीने दुप्पट भरायचे ठरले. म्हणून निघण्याच्या आदल्या दिवशी शिल्लक पाहा. नाक्याजवळ पोचल्यावर घाईने भरलेले पैसे यंत्रापर्यंत पोचायला वेळ लागतो.